कागदाचे कमळ

आपल्या विद्यालयाच्या प्रार्थनागृहाच्या दाराशी, कमानीवर आणि भिंतीलगतच्या फळीवर ठेवलेली कागदी कमळे पाहून पाहुणे हमखास एक प्रश्न विचारतात : ही फुले कोठून आणली? ती आपल्याच मुलांनी केली आहेत, प्रत्येक फूल एकाच चौकोनी कागदाचे आहे आणि त्यात कात्रीचा व डिंकाचा वापर मुळीच केलेला नाही, असे सांगितले की पाहुणा एखादे कमळ हातात घेऊन उलटसुलट करून पाहतो. जोड कोठे आहे हे तो शोधत असतो. जोड नसतोच. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला या घडीकामाविषयी लिहावयास सांगितले, ते बहुधा या नेहमीच्या प्रश्नामुळेच. वाचकांनी एक चौकोनी कागद हाताशी ठेवून हा लेख वाचावा, अशी विनंती आहे. नुसते वाचून या विषयातले फारसे काही हाती लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

‘ओरिगामी’ हा जपानी शब्द आहे. ‘ओरु’ म्हणजे घडी घालणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. आपल्याकडे या कलेला स्वतंत्र नाव नसले तरी कला अगदीच परकी नाही. वाण्याच्या दुकानातील पुडी, पावसाच्या पाण्यात सोडलेली होडी, वर्गात गुरुजींची पाठ फिरताच उडणारे विमान ही सगळी घडीकामेच होत. चार बोटांत घालून उघडझाप करावयाचे आणि आत काहीबाही भविष्य लिहून मैत्रिणींना भंडावून सोडावयाचे ते चौकोनी खेळणे तर प्रत्येक मुलीला येते. त्या खेळण्याच्या पहिल्या दोन पायऱ्या आणि कमळाच्या घड्या यांची जात एकच आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात आलेली असते. डॉ. अनिल अवचट यांच्यासारख्या लेखकाने हा छंद हौसेने जोपासला आणि त्याविषयी लिहिलेही. त्यामुळे मराठी वाचकाला आता ‘ओरिगामी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

या कलेच्या इतिहासात बौद्ध भिक्खूंचा हात वारंवार दिसतो. कागद चीनमधला. जपानच्या ‘निहोन शोकी’ या प्राचीन इतिहासग्रंथात इ. स. ६१० मध्ये कोरियातील गोगुर्यो राज्यातून एक भिक्खू जपानला आल्याची नोंद आहे. त्याला रंग, शाई आणि कागद तयार करण्याची विद्या अवगत होती, असे तेथे म्हटले आहे. पुढे अनेक शतके कागद ही जपानमध्ये मोलाची वस्तू होती. तो धर्मग्रंथांसाठी आणि विधींसाठी वापरला जाई, आणि घडी घातलेला कागद भेटवस्तूंना व विधींच्या साहित्याला शोभा देई. मुलांच्या हाती खेळण्यासाठी कागद द्यावा इतका तो स्वस्त होण्यास फार काळ जावा लागला. १७९७ मध्ये क्योतो येथे ‘सेन्बाझुरु ओरिकाता’ हे पुस्तक छापले गेले. केवळ करमणुकीच्या घडीकामावरील आज उपलब्ध असलेल्या पुस्तकांत ते सर्वांत जुने मानले जाते. एकाच कागदाला मोजके छेद देऊन त्यातून एकमेकांच्या पंखांना आणि चोचींना जोडलेले अनेक क्रौंच पक्षी कसे घडवावेत, याचे ४९ प्रकार त्यात दाखविले आहेत. या रचना कुवाना गावातील चोएन्जी या बौद्ध मंदिराचे प्रमुख गिदो यांच्या होत.

शाळेत घडीकाम आले ते मात्र निराळ्या वाटेने. जर्मनीतील फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशिक्षणसंस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या पद्धतीत मुलांच्या हातांना जी कामे दिली जात, त्यांत कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. चौकोनी कागदाचे चारही कोपरे मध्यबिंदूशी आणून सुरुवात करावी आणि त्यातून एकामागून एक सुंदर आकृत्या फुलवीत न्याव्यात, अशी ती रीत होती. १८७६ मध्ये टोकियोत पहिली बालवाडी निघाली, तिच्याबरोबर फ्रोबेलची ही पद्धतही जपानला पोहोचली आणि तेथील घरगुती परंपरेत मिसळून गेली. आज आपण ज्याला जपानी म्हणतो, त्या शाळेतल्या ओरिगामीत जर्मन धागा असा गुंफलेला आहे. आपल्या देशाचाही एक धागा येथे आहे. मद्रासचे टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये ‘जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पट्टी-कंपास न घेता केवळ कागदाच्या घड्यांनी भूमितीतील किती रचना सिद्ध करता येतात, हे त्यांनी दाखविले. हे पुस्तक आपल्याला किंडरगार्टनच्या आठव्या साहित्यसंचावरून सुचले, असे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले आहे. त्या संचात रंगीत कागदाचे दोनशे चौकोन असत. फेलिक्स क्लाइन या थोर जर्मन गणितज्ञाने या पुस्तकाकडे लक्ष वेधले आणि पुढे अमेरिकेतही त्याची आवृत्ती निघाली. गणिताच्या शिक्षकांनी हे पुस्तक एकदा तरी चाळावे.

विसाव्या शतकात अकिरा योशिझावा यांनी या हस्तकौशल्याला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. ते कारखान्यात काम करीत होते आणि तेथील नवख्या कामगारांना भूमिती शिकविण्यासाठी घड्यांचा उपयोग करीत. पुढे नोकरी सोडून, दारोदार खाद्यपदार्थ विकून, वर्षानुवर्षे दारिद्र्यात राहून त्यांनी आपला ध्यास चालू ठेवला. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकाने घड्या कागदावर कशा लिहाव्यात, याची चिन्हपद्धती दिली. तुटक रेषा म्हणजे दरीघडी आणि तुटक रेषेत ठिपके असले तर डोंगरघडी. घडीची रेघ तळाशी जाऊन कागद आपल्याकडे वळला तर ती दरी. रेघ उंचावली आणि कागद पलीकडे वळला तर तो डोंगर. ही दोन चिन्हे आणि काही बाण एवढ्या लिपीत जगातील कोणत्याही भाषेच्या माणसाला घडीकाम वाचता येते.

आता कमळाकडे वळू. हे कमळ परंपरागत आहे. त्याचा कर्ता कोण, हे कोणी सांगत नाही. पाश्चात्त्य देशांत जेवणाच्या मेजावर कापडी रुमालाचेही असेच कमळ करून ठेवतात.

प्रथम कागद. नेहमीचा ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. त्याचा एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून दुमडला आणि उरलेली पट्टी फाडून टाकली की २१ सेंटिमीटरचा चौकोन मिळतो. आपल्याकडे कार्यालयातील पाठकोरे कागद साठवून ठेवलेले असतात, सरावासाठी तेच वापरावेत. सरावासाठी असे मी मुद्दाम म्हणतो. छपाईचा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो आणि या कमळात शेवटी कागदाचे सोळा थर एकावर एक येतात, म्हणजे दीड मिलिमीटरहून अधिक जाडीचा गठ्ठा होतो. तो वळवताना बोटे दुखतात आणि कोपऱ्यावर कागद तडकतो. हस्तकलेच्या तासाचा घोटीव कागद दिसतो छान, पण त्याचा रंगीत थर घडीवर फुटून पांढरी रेघ उमटते. पतंगाचा कागद पातळ, मऊ आणि चिवट असतो. खरी कमळे आम्ही त्याचीच करतो. वर्तमानपत्राचा कागदही चांगला वळतो, मात्र त्याच्या शाईने हात काळे होतात आणि पाकळीवर एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा येतो.

चौकोनाचा मध्यबिंदू शोधावयाचा. त्यासाठी समोरासमोरचे कोपरे जुळवावेत, पण कर्णाची पूर्ण घडी दाबू नये. मध्यावर केवळ चिमूट घ्यावी. दुसऱ्या कर्णाचेही तसेच करावे. मधोमध उमटलेली बारीक फुली हा आपला मध्यबिंदू. आता चारही कोपरे एकेक करून या बिंदूशी आणावेत आणि घड्या नखाने पक्क्या कराव्यात. पाकीट बंद केल्यासारखा लहान चौकोन तयार होईल. जपानी लोक या घडीला ‘झाबुतोन’ म्हणतात, म्हणजे बसावयाचे चौरंगी आसन. इंग्रजीत तिला एका पातळ गुंडाळलेल्या धिरड्याचे नाव आहे. आसन म्हणा की धिरडे म्हणा, कृती एकच. हीच कृती त्याच बाजूने आणखी दोन वेळा करावयाची. नंतर चौकोन उलटा करावयाचा आणि मागच्या बाजूनेही चारही कोपरे मध्याशी आणावयाचे. एकूण चार फेऱ्या झाल्या.

प्रत्येक फेरीत चौकोनाचे क्षेत्रफळ निम्मे होते. २१ सेंटिमीटरची बाजू पहिल्या फेरीनंतर १४.८५, मग १०.५, मग सुमारे ७.४ आणि शेवटी ५.२५ सेंटिमीटर उरते. सहावी-सातवीच्या मुलांना वर्गमूळ शिकविताना मी हे मोजमाप त्यांच्याकडूनच करून घेतो. एक गंमत चौकस विद्यार्थ्यांच्या लक्षात येते : पहिल्या फेरीनंतरची बाजू ही ए-४ कागदाच्या लांबीच्या बरोबर निम्मी येते. दोनचे वर्गमूळ त्या कागदाच्या मापातच दडलेले आहे.

घड्या घालताना एक सूचना पाळावी. कोपरा मध्यबिंदूवर नेमका टेकवू नये. केसभर अलीकडेच थांबावे. पुढच्या प्रत्येक फेरीत कागदाची जाडी वाढते, त्या जाडीला वळण्यासाठी जागा लागते. पहिल्या फेरीत कोपरे मध्याच्या पलीकडे गेले, तर एकावर एक चढतात. दुसऱ्या फेरीत ते चढलेले कोपरे कडेला फुगवटा आणतात आणि चौथ्या फेरीत चौकोन चौकोनच राहत नाही. पहिल्या घडीतला एक मिलिमीटर पुढे सगळ्या फुलाला पुरून उरतो. म्हणून पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागेल तेवढा घ्यावा. मुले नेमकी तीच घाईने उरकतात, कारण ती सोपी वाटते.

येथे थोडे थांबून एक प्रयोग करावा. दुसरा कागद घ्यावा, मध्यावर केवळ चिमूट घ्यावी, एकाच बाजूने दोन फेऱ्या घालाव्यात आणि मग तो कागद पूर्ण उलगडावा. कागदावर घड्यांचे जाळे दिसेल. या जाळ्यात, कागदाच्या कडा सोडून, घड्या एकमेकींना भेटतात अशा चार जागा आहेत. त्यांपैकी कोणत्याही जागेवर बोट ठेवून भोवतीच्या घड्या मोजाव्यात : सहा भरतील. त्यांतल्या चार दऱ्या आणि दोन डोंगर. फरक दोन. तिसरी फेरी घालून पुन्हा उलगडले तर अशा जागा वाढतील, त्यांची संख्या आणि कोन बदलतील, पण दऱ्या आणि डोंगर यांतला फरक प्रत्येक ठिकाणी दोनच येईल. सपाट दाबता येणाऱ्या कोणत्याही घडीकामाला हा नियम लागू आहे, मग ते कमळ असो वा बेडूक. जुन माएकावा यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. दुसरा नियम तोशिकाझु कावासाकी यांच्या नावाचा. एका बिंदूभोवतीचे कोन क्रमाने लिहावेत आणि एक सोडून एक मिळवावेत, बेरीज १८० अंश येते. आपल्या कागदावर त्या बिंदूभोवती ४५, ४५, ९०, ४५, ४५, ९० असे कोन आहेत. पहिला, तिसरा आणि पाचवा मिळवा : ४५ अधिक ९० अधिक ४५. उरलेले तीन मिळवा, उत्तर तेच. हे कावासाकी गणितज्ञ तर आहेतच, शिवाय कागद पिळून घडविलेल्या त्यांच्या गुलाबामुळे जगभरच्या घडीकाम करणाऱ्यांना ते परिचित आहेत. तो गुलाब अप्रतिम आहे, पण आठवीच्या खालच्या मुलांना तो देऊ नये असे माझे मत आहे. त्यात हात कमी आणि धीर जास्त लागतो.

आता कमळाची अखेरची पायरी. सारे कमळ तीतच आहे. चार फेऱ्या झालेला सपाट, जाड चौकोन डाव्या हातात धरावा, अंगठा मध्यावर दाबून ठेवावा. एका कोपऱ्याचे टोक किंचित आतल्या बाजूला वळवावे. आता उजव्या हाताची बोटे चौकोनाच्या खाली न्यावीत. तेथे तिसऱ्या फेरीत मध्याशी आणलेले चार त्रिकोणी पदर मिटून पडलेले आहेत. त्यांतला या कोपऱ्याखालचा पदर टोकाशी धरून बाहेर आणि वर, कोपऱ्याला वळसा घालून हळूहळू ओढावा. कोपऱ्यावरून जाताना तो अडतो. त्या क्षणी जोर लावावयाचा नाही. वरच्या हाताने कोपरा आणखी थोडा आत दाबावयाचा, म्हणजे पदर त्याच्यावरून सरकतो आणि वाटीसारखी खोलगट पाकळी उभी राहते. चारही कोपऱ्यांना असे करावे. मग पुन्हा खाली बोटे न्यावीत. आता दुसऱ्या फेरीचे पदर मोकळे झालेले असतात. ते कोपऱ्यांवर येत नाहीत, दोन कोपऱ्यांच्या मधोमध येतात. त्या चार पाकळ्या पहिल्या चारांच्या फटींतून डोकावतात. शेवटी पहिल्या फेरीचे चार पदर, पुन्हा कोपऱ्यांच्या दिशेने. एकूण बारा पाकळ्या झाल्या. मध्यावरचे चार पदर जरासे उचलून मोकळे केले की फूल पूर्ण झाले.

जे कोपरे आपण सर्वप्रथम आत मिटवले, तेच सर्वांत शेवटी बाहेर येतात आणि सर्वांत बाहेरची पाकळी होतात. कमळाच्या बाहेरच्या चार पाकळ्यांची टोके म्हणजे मूळ कागदाचे चार कोपरे. हे ज्याला समजले, त्याला पाकळ्या कोठे फाटतात हेही समजते. आतल्या ओळीतला पदर ओढताना त्याच्या टोकाशी कागदाचे चार थर एकत्र असतात, तो ताठ असतो आणि कोपऱ्यावरून वळताना तडकतो. मधल्या ओळीत दोन थर असतात. बाहेरच्या ओळीत कागद एकेरी असतो. तोवर हात सैलावलेला असतो, पहिल्या ओळीच्या सवयीने जोर लावला जातो आणि पातळ कागद सरळ फाटतो. पहिल्या ओळीला चिकाटी हवी, शेवटच्या ओळीला हलका हात.

ही शेवटची पायरी अनेक वर्षे मी मुलांना करूच दिली नाही, हे येथे कबूल करावयास हवे. प्रदर्शन तोंडावर आलेले असे, पतंगाचा कागद मोजका असे आणि फाटलेली फुले फळीवर ठेवण्याची माझी तयारी नसे. मुले चार फेऱ्या घालून चौकोन माझ्याकडे आणून देत, मी पाकळ्या ओढून फूल त्यांच्या हाती देई. फुले सुबक दिसत, पाहुणे कौतुक करीत. एका वर्षी परीक्षा संपल्यावर, सुट्टीवर जाण्यापूर्वी, मुलांनी एक चांगली कल्पना काढली. वैशाख पौर्णिमा सुट्टीत येते. आपापल्या गावच्या विहारात लावण्यासाठी कमळे न्यावीत, पण उमललेली कमळे पेटीत चुरगळतात. म्हणून ती चपट्या चौकोनांच्या रूपातच न्यावीत आणि गावी जाऊन उमलवावीत. प्रत्येकाने दहा-बारा चौकोन वहीत घालून नेले. जूनमध्ये मुले परतली, तेव्हा त्यांतील बरीचशी वहीतल्या वहीतच परत आली होती. एका मुलाने वही माझ्यापुढे उघडून ठेवली. पहिल्या पानात दोन फाटलेले चौकोन होते आणि पुढे नऊ तसेच मिटलेले. तो म्हणाला, “सर, दोन फाटली. मग बाकीची फाटू नयेत म्हणून ठेवून दिली.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला ते अधिक लागले. त्याच्या गावच्या विहारात त्या पौर्णिमेला कमळे लागलीच नव्हती.

त्यानंतर मी शिकविण्याचा क्रम उलटा केला. आता नव्या मुलांच्या हाती प्रथम मी घड्या घातलेला तयार चौकोन देतो आणि पाकळ्या ओढावयास सांगतो. पाठकोऱ्या कागदाचा असल्यामुळे तो फाटला तरी हळहळ नाही. फाटलेला चौकोन टाकून द्यावयाचा नाही. तो पूर्ण उलगडावयाचा आणि फाटले ती जागा मूळ कागदावर कोठे येते, हे शोधावयाचे. बहुतेकदा ती घड्यांच्या छेदावर असते. मग पहिल्या फेरीतला कोणता कोपरा मध्याच्या पलीकडे गेला होता, हेही त्याच कागदावर दिसते. कागद काही विसरत नाही. असे तीन-चार चौकोन वाचून झाले की मुले आपण होऊन पहिली फेरी सावकाश घालू लागतात, कारण तिचा परिणाम त्यांनी शेवटच्या टोकाला आधीच पाहिलेला असतो. या क्रमाने प्रदर्शनाची फुले पूर्वीइतकी सुबक होत नाहीत, हे खरे. फळीवरच्या एखाद्या पाकळीला चीर दिसते. मी ती तशीच ठेवतो.

मुलांनी विचारलेल्या आणखी एका प्रश्नाला येथे उत्तर देणे भाग आहे. आपण रोज बुद्धवंदनेत पुष्पपूजेची गाथा म्हणतो. वाहिलेले फूल जसे कोमेजते, तसा हा देहही नाश पावणारा आहे, असा तिचा आशय. आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, कागदाचं फूल तर कोमेजत नाही. मग ते वाहून ही गाथा म्हटली, तर खोटं नाही का होणार?” प्रश्न साधा नाही. चैत्र-वैशाखात आपल्या भागात विहिरी तळाला जातात, बागेतली झाडे कशीबशी जगवावी लागतात आणि बाजारात फुलांचे भाव चढतात. १४ एप्रिलच्या समारंभाला कागदी फुलांनी मोठा आधार दिला आहे. प्लास्टिकच्या हारापेक्षा ती कितीतरी बरी, त्या हारावर धूळ बसते आणि तो वर्षानुवर्षे कोणी काढीत नाही. तरीही त्या मुलीच्या बाजूने माझा कौल पडला. पूजेच्या ताटात एकच का होईना, पण ताजे फूल असावे, सदाफुलीचे चालेल. कागदी कमळांची जागा दाराशी, कमानीवर आणि प्रतिमेभोवती.

इतर बौद्ध देशांनी याविषयी निरनिराळे मार्ग काढलेले दिसतात. जपानमधील काही धार्मिक विधींत कमळाच्या पाकळीच्या आकाराचे कागदाचे तुकडे उधळतात. त्याला ‘सांगे’ म्हणतात, म्हणजे फुले विखुरणे. ताज्या पाकळ्यांची जागा तेथे कागदाने घेतली आहे आणि कोणाला ते वावगे वाटत नाही. कोरियात बुद्धजयंतीला कमळाचे कंदील लावतात. तेथील ‘योनदुंगह्वे’ हा कंदीलोत्सव २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. पण ते कमळ आपल्या कमळाहून वेगळे आहे. पातळ कागदाच्या सुट्या पाकळ्यांची टोके चिमटीत पिळून त्या एकेक करून सांगाड्यावर चिकटवतात. कोरियन विहारांत विधींसाठी रंगविलेल्या कागदाची फुले करण्याची ‘जिह्वा’ नावाची जुनी परंपराही आहे. या सगळ्यांत कापणे, रंगविणे, चिकटवणे आले. काम सुंदर, पण ते पुन्हा उलगडून पाहता येत नाही.

या वर्षीही सुट्टीपूर्वी मुलांनी पतंगाच्या कागदाचे चौकोन करून वह्यांत घातले आहेत. गुलाबी कागद लवकर संपला, म्हणून बरीच कमळे पिवळी आणि थोडी निळी होतील. निळे कमळ खरे असते का, यावर वसतिगृहात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. प्रत्येकाने आपापल्या चौकोनांपैकी एक माझ्यासमोर उमलवून दाखविला आहे. दोघांचे फाटले. त्या दोघांना मी सुट्टीत सरावासाठी पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा दिला आहे.